चेन, तांबडा चिखल आणि सायकलचा रंग

साखळी म्हटलं की गोव्यातल्या आम्हा डिचोलीकरांना आधी शेजारचं त्याच नावाचं गाव आठवतं, म्हणून सायकलच्या फ्रेमचा रंग चेनपासून कसा वाचवायचा हे सांगणाऱ्या या लेखात मी सरळ चेनच म्हणणार आहे.

पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची सायकल कधी नीट बघितली आहे? मागे भली मोठी टोपली, हँडलला भोंगा, आणि चेनवर पुढून मागपर्यंत पत्र्याचं आवरण. गिअर नाही, त्यामुळे चेन ताठ. त्या सायकलचा रंग उन्हाने उडालेला असेल, कॅरिअरच्या घर्षणाने गेलेला असेल, पण चेनने खरवडलेला सहसा दिसणार नाही. हा प्रश्न आपण गिअरच्या सायकली घेतल्या तेव्हापासूनचा. मागच्या लहान-मोठ्या दातेरी चक्रांवर एकच चेन चालवायची तर ती थोडी लांबच ठेवावी लागते. जास्तीची लांबी मागचा रिअर डिरेलर, दुकानात ज्याला नुसतं आरडी म्हणतात, तो स्प्रिंगच्या जोरावर ओढून धरतो. खड्डा आला की स्प्रिंग क्षणभर हार मानते, चेन उसळते आणि फ्रेमवर आपटते. पायडलपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणारी खालची आडवी नळी, म्हणजे चेनस्टे, हा सगळा मार खाते. त्यातही उजवीकडचीच. चेन त्याच बाजूला असते.

उपाय तसा सोपा आहे, नळीवर काहीतरी गुंडाळायचं. पण गोव्यात त्याला एक मेख आहे आणि ती मी स्वतःच्या सायकलवर शिकलो. माझी पहिली गिअरची सायकल पोलादी फ्रेमची होती. तिला वेल्क्रोने बसणारं, मऊ रबरी कापडाचं तयार गार्ड लावलं आणि जूनपासून चतुर्थीपर्यंत त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चतुर्थीच्या आधी सायकल धुताना ते उघडलं तर आत ओल्या तांबड्या मातीचा थर. खालचा रंग पॉलिश पेपर मारल्यासारखा पांढुरका झालेला आणि जिथे आधी एक टवका उडाला होता तिथे गंजाचे फुगे. चेनने चार महिन्यांत जेवढं नुकसान केलं नसतं तेवढं गार्डने करून ठेवलं होतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. आवरण असं हवं की त्याच्या आणि रंगाच्या मध्ये पाणी शिरणारच नाही, नाहीतर असं हवं की दर दोन आठवड्यांनी काढून धुता येईल. या दोन्हीच्या मधलं काहीही आपल्याकडे चालत नाही. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्या दगडाच्या मातीत कठीण बारीक कण असतात. सायकल थरथरते तेव्हा गार्डखालचे ते कण रंगावर घासत राहतात. त्यात किनाऱ्यालगत किंवा फेरीबोटीच्या धक्क्यावरून येणं-जाणं असेल तर खारं पाणीही आलंच. भरतीच्या वेळी दिवाडीच्या किंवा चोडणच्या फेरीत सायकल चढवताना चाकं उतारावरच्या पाण्यातूनच जातात.

आधी चेन नेमकी कुठे लागते ते बघा

बहुतेक जण इथेच घाई करतात. बाजारातलं गार्ड साधारण २० ते २५ सेंटिमीटर लांब असतं आणि लोक ते नळीच्या मधोमध लावून मोकळे होतात. तुमच्या सायकलची चेन तिथेच आपटते कशावरून?

रंगकाम करणारे वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. उजव्या चेनस्टेला वरून, खालून आणि बाहेरच्या बाजूने लावा. मागच्या चाकापासून वर सीटकडे जाणाऱ्या नळीच्या खालच्या टोकालाही, सर्वांत लहान चक्राच्या समोर, एक तुकडा लावा. मग रोजच्या रस्त्यावर अर्धा तास सायकल चालवा. गुळगुळीत हमरस्ता नको, गतिरोधक आणि खड्डे असलेला गावातला रस्ता हवा. तो शोधायला लांब जावं लागत नाही.

घरी आल्यावर टेपवर तेलाचे काळे ठिपके दिसतील. ठिपके वरच्या बाजूला असतील तर चेनचा वरचा पदर आपटतोय, खालच्या बाजूला असतील तर खालचा. माझ्या आताच्या सायकलवर सर्वांत दाट ठिपके पुढच्या दातेरी चक्राच्या मागे चार बोटं सोडून सुरू होतात आणि एक वीतभर जातात, त्यातले बरेचसे खालच्या अंगाला. तयार गार्ड मी नळीच्या मधोमध लावलं असतं तर निम्मा मार उघड्या रंगावर बसला असता. ठिपक्यांच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बोटं जास्त धरा. आवरणाची लांबी मिळाली. आता टेप काढून टाका. ती दिवसेंदिवस ठेवली तर उन्हात चिकट होऊन बसते.

मग मार कमी करा

आवरण लावण्याआधी चेन इतकी उसळते का, हे बघणं जास्त फायद्याचं आहे. पुढे लहान आणि मागेही लहान चक्र असेल तेव्हा चेन सर्वांत सैल असते. उतारावर, समजा चोर्ला घाट उतरताना, पुढचं चक्र मोठं आणि मागचं मधलं ठेवा. चेन जास्त ताणलेली राहते आणि तो खडखडाट निम्म्यावर येतो. खड्ड्यांतून जाताना पायडल अगदी थांबवू नका. हलका दाब देत राहिलं की निदान वरचा पदर तरी ताठ राहतो.

चेन मुळातच लांब बसवलेली असेल तर वरचं सगळं वाया. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलसाठी मोजण्याची पद्धत अशी. चेन आरडीतून न नेता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून गुंडाळायची, टोकं जिथे जुळतात त्यात दोन कड्या वाढवायच्या. एका कडीची लांबी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते, तेव्हा वाढ एक इंचाची झाली. यापेक्षा बरीच लांब असेल तर दुकानात नेऊन कमी करून घ्या. चेन तोडायचं हत्यार घरी असेल तर काम दहा मिनिटांचं आहे, पण एकदा जास्त तोडली की मग पंचाईत, म्हणून दोनदा मोजा.

झीजही तेव्हाच बघून घ्या. नव्या चेनमध्ये २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसतात. स्टीलच्या पट्टीने एका पिनच्या मध्यापासून पुढच्या २४व्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. इंचाचा सोळावा हिस्सा जास्त भरला तर झीज अर्ध्या टक्क्यावर आली, नवी चेन घ्यायची वेळ जवळ आली. चेन फारच झिजेपर्यंत चालवली की तिच्याबरोबर पुढचं चक्रही जातं. त्या झिजलेल्या दातांवर नवी चेन बसवली तर ती दातांतून सुटत नाही, चक्राबरोबर वर खेचली जाते आणि चक्र व चेनस्टे यांच्या फटीत अडकते. आपटण्याने टवके उडतात, या अडकण्याने खोल ओरखडे पडतात, आणि ओरखडा टवक्यापेक्षा वाईट. चिखलात असं होतंय असं पायाला जाणवलं की त्याच क्षणी पाय थांबवा, जोर लावून सोडवायला जाऊ नका. पायडल हळूच उलटं फिरवलं की बहुधा सुटते.

शिमानो कंपनीच्या क्लच असलेल्या आरडीला बाजूला एक छोटी खिट्टी असते. ती चालू केली की आरडीचा हात सहज पुढे झुलत नाही, म्हणून चेन कमी उसळते. चाक काढताना ती बंद करतात आणि मग महिनोन् महिने तशीच राहते. आधी ती बघा.

जुने टवके आवरणाखाली झाकू नका

टवका झाकला म्हणजे गंजाला घर बांधून दिलं. पोलादी फ्रेम असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने टवक्यापुरतंच घासून गंज काढा, कोरड्या फडक्याने पुसा, प्रायमरचा एक पातळ हात द्या, तो सुकला की रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिलात तर तो वरून सुकतो आणि आत ओला राहतो. रंग जुळवायला मोटारींच्या टच-अपच्या छोट्या बाटल्या बऱ्या. नेलपॉलिशची टिंगल होते, पण घाईच्या वेळी टवका बंद करायला ते चालतं. माझ्या फ्रेमवर बायकोच्या बाटलीतला एक ठिपका अजून टिकून आहे आणि त्याबद्दल मी घरी अजून ऐकतो.

अॅल्युमिनियमला लाल गंज येत नाही, पण खाऱ्या हवेत पांढरी भुकटी येते आणि रंग कडेने सुटायला लागतो. त्यावर साधा प्रायमर नीट धरत नाही. दुकानदाराला अॅल्युमिनियमसाठी लागणारा एच (etch) प्रायमर मागा. कार्बनच्या फ्रेमवर मात्र पॉलिश पेपर चालवू नका. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं किंवा आतले काळे धागे दिसले, तर तिथे रंगाचा प्रश्न संपला आणि मजबुतीचा सुरू झाला. ती फ्रेम कार्बन दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय घाट उतरू नका.

टच-अपनंतर दोन दिवस थांबा. पावसाळ्यात चार.

काय लावायचं

पर्याय खूप आहेत, पण माझ्या लेखी खरे दोनच. इन्सुलेशन टेप, म्हणजे वायरमनची काळी टेप, लावू नका. उन्हात तिचा गोंद पाझरतो, कडा सुटतात आणि सुटलेल्या कडेखाली तोच चिखल. वेल्क्रोच्या गार्डबद्दल वर सांगितलंच. ते आधीच घेतलं असेल तर डिसेंबर ते मे वापरा.

मोटारींवर लावतात ती पारदर्शक पीपीएफ फिल्म सुंदर दिसते आणि पूर्ण चिकटते, म्हणून पाण्याचा प्रश्न नाही. पण ती जेमतेम ०.२ मिलिमीटर जाड असते. घासण्यापासून वाचवते, चेनचा ठोसा मात्र शोषून घेत नाही. चेनस्टेवर ती एकटी मला अपुरी वाटते. केबल घासते तिथे, किंवा चिऱ्याच्या भिंतीला सायकल टेकवता त्या जागी, ती उत्तम. मोटारींचं डिटेलिंग करणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, विचारून बघा.

पहिला खरा पर्याय म्हणजे स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, इलेक्ट्रिकच्या दुकानात सेल्फ-फ्यूजिंग नावाने मिळते. तिला गोंद नसतो. ताणून एकावर एक पदर दिला की दिवसभरात पदर एकजीव होऊन रबराची सलग नळी बनते. पाणी आत जायला वाव फारसा उरत नाही आणि काढताना रंगावर चिकटा राहत नाही. मागचा प्लास्टिकचा पदर काढायचा, दुपटीपर्यंत ताणायची आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवायचा. न ताणता गुंडाळली तर चिकटतच नाही, पहिल्यांदा बहुतेकांचं तेच होतं. ठिपके दाट असतील तिथे दुसरा थर द्या. जागा चेनच्या अगदी जवळ असेल तर दुसरा थर चेनला लागत नाही ना, हे सगळे गिअर बदलून तपासा.

दुसरा पर्याय फुकट आहे, म्हणून त्याची कृती सविस्तर सांगतो.

जुनी ट्यूब गुंडाळताना

पंक्चर काढणाऱ्याकडे टाकाऊ ट्यूब ढीगभर असतात. शक्य तर माउंटन बाइकची, रुंद. व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, ट्यूब उभी चिरा आणि तीन सेंटिमीटर रुंदीची एक सलग पट्टी काढा. आतल्या बाजूची पांढरी पावडर साबणाने धुऊन टाका, ती राहिली तर रबर घसरतं. नळीचा घेर साधारण आठ सेंटिमीटर धरला आणि फेरे निम्मे चढवले, तर २५ सेंटिमीटर लांबीला सुमारे दीड मीटर पट्टी लागते. एका ट्यूबमध्ये आरामात होतं.

फ्रेम भांड्यांच्या साबणाने धुवा, पाणी सुकू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल आणि थिनर लांब ठेवा, स्टिकर आणि वरचं पारदर्शक कोटिंग दोन्ही जातात. जुलैत हे काम करायचंच असेल तर सायकल रात्रभर पंख्याखाली ठेवा. बोटाला कोरडी लागणारी नळीही त्या हवेत दमट असते.

बऱ्याच सायकलींवर गिअरची उघडी तार चेनस्टेच्या खालून जाते. ती रबराखाली कधीही घेऊ नका. तार अडकली की गिअर बदलत नाहीत आणि माणूस आठवडाभर आरडीचे स्क्रू फिरवत बसतो. तार सोडवून बाजूला घेता येत नसेल तर त्या सायकलला गुंडाळणं सोडा. दोन-अडीच मिलिमीटर जाड रबराची पट्टी फक्त वरून आणि बाहेरून चिकटवा.

सुरुवात पुढून, पायडलच्या बाजूने करा आणि मागे जा. चेनचा वरचा पदर चालताना मागून पुढे येतो. पुढून गुंडाळत गेलं की प्रत्येक फेऱ्याची उघडी कड पुढे तोंड करते आणि चेन तिच्यावरून उतरून जाते, तिला उचकटत नाही. मंगळुरी कौलांवरून पाणी उतरतं तसं. पहिला फेरा सरळ, त्यावर दुसरा पूर्ण चढवा म्हणजे टोक दबून जाईल, मग तिरके फेरे. ताण सगळीकडे सारखा ठेवा. फार ओढलं तर रबर पातळ होतं आणि महिन्याभरात चिरतं. शेवटचं टोक आधीच्या फेऱ्याखाली सरकवून ओढा, आणि दोन्ही टोकांवर सेल्फ-फ्यूजिंग टेपचे तीन-तीन घट्ट फेरे द्या. पाणी आत शिरायची दारं हीच. झिप-टायही चालतो, पण त्याचं डोकं नळीच्या खालच्या बाजूला वळवा आणि शेपूट अगदी जवळून कापा. अर्धवट कापलेली शेपटी पोटरीला ओरबाडते.

मागचं चाक फिरवून टायर रबराला घासत नाही ना, ते बघा. मग सगळे गिअर एकदा वर, एकदा खाली.

उरलेल्या जागा

चक्र आणि चेनस्टे यांच्या मधली अरुंद फट रबराला पुरत नाही. तिथे चिकटणारी पातळ स्टीलची पट्टी लावतात, चेन अडकलीच तर ओरखडा पट्टीवर पडतो. कार्बन फ्रेमला मी ती लावाच म्हणेन. पुढे दोन-तीन चक्रं असतील आणि चेन आतल्या बाजूला पडून फ्रेम खरवडत असेल, तर पुढच्या डिरेलरचा एल लिहिलेला स्क्रू थोडा आत फिरवून घ्या, आवरण हा त्यावरचा इलाज नव्हे.

चाक काढताना पडणारे ओरखडे मात्र आपल्या हातचे. काढण्याआधी चेन मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणा, आणि सायकल मोटारीच्या डिकीत टाकण्याआधी चेन व नळीच्या मध्ये जुना बनियन गुंडाळा.

पावसाळ्यातलं वेळापत्रक

ट्यूब लावल्यावर मास्किंग टेपची तीच चाचणी पुन्हा करा, या वेळी रबराच्या दोन्ही टोकांपलीकडे टेप लावून. टेप कोरी राहिली तर लांबी बरोबर. कानालाही कळतं. आधी टणटण होणारी सायकल आता ठप्प असा दबका आवाज करते.

पावसाळ्यात चेनला जाडसर तेल लागतं. शिलाई मशीनचं पातळ तेल एका सरीत धुऊन जातं. मात्र तेल घातल्यावर चेन बाहेरून पुसून कोरडी करा, नाहीतर तांबडी माती आणि तेल यांचं काळं वाटण तयार होतं आणि तेच उडून रबराच्या कडांवर बसतं. खाऱ्या पाण्यातून आलात तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. पाइपचा जोरदार फवारा नको, तांब्याने वरून ओता.

ट्यूबचं रबर एकजीव होत नाही, त्यामुळे तिला काढून धुण्याच्या गटातच धरा. जून ते सप्टेंबर, दर दुसऱ्या रविवारी मागचं टोक सोडून चार फेरे उलगडा. आत कोरडं असेल तर तसंच परत गुंडाळा. ओल किंवा तांबडं दिसलं तर पूर्ण काढा, धुवा, सुकवा, पुन्हा बसवा. सगळं मिळून अर्धा तास. सेल्फ-फ्यूजिंग टेप असेल तर फक्त दोन्ही टोकं बोटाने दाबून बघा. टोक उचकटलं असेल तर ती कापूनच काढावी लागते. ब्लेडची धार रंगाकडे वळवू नका, टेपचा पदर चिमटीत वर ओढून धरा आणि नळीपासून बाहेरच्या दिशेने कापा.

मी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात सगळंच उघडतो. तेव्हा घरात साफसफाई चाललेली असते, त्यामुळे अंगणात दोन तास सायकल घेऊन बसलेल्या माणसाला कोणी काही बोलत नाही. गेल्या वर्षी आतली नळी कोरडी होती, फक्त पुढच्या टोकाशी नखभर तांबडी रेघ होती. या वर्षी पुढच्या बाजूला टेपचे पाच फेरे दिले आहेत.